पेपर आठवा आणि नायकविसर्जन

१ जानेवारी १९८९, रविवार. सकाळी ७.
नवी डायरी. विमा एजंटाने दिलेली, त्यामुळे प्रत्येक पानाखाली मृत्यूविषयी एक सुविचार आहे. तिकडे लक्ष द्यायचं नाही. ही वही कुणीही वाचायची नाही, सुमतीने तर नाहीच. नवऱ्याचे संकल्प वाचून बायका हसतात, हा अनुभव आहे.
संकल्प एकच. एम.ए.चा राहिलेला आठवा पेपर, तौलनिक साहित्य, या एप्रिलमध्ये काढायचा. बाकी सात निघाले. आठव्यात दोनदा गेलो. पहिल्यांदा सर्दी होती, दुसऱ्यांदा परीक्षकाची मनःस्थिती बरी नसावी.
यंदा मात्र प्रश्न मोठा आहे. आमच्या शाळेला जूनपासून ज्युनिअर कॉलेज मिळतंय. मुख्याध्यापक स्वतः म्हणाले, त्र्यंबकराव, मराठीची जागा ऑगस्टपर्यंत तुमच्यासाठी अडवून ठेवतो, पण एम.ए. पूर्ण करा. एकवीस वर्षं मी डोंबिवलीत पाचवी ब ला भूगोल शिकवतोय. आता पुरे. मी मूळचा साहित्याचा माणूस.
पेपरात साठ मार्कांचा एक निबंध. नेमलेल्या दोन कादंबऱ्यांची तुलना. एक «बांधावरचा मुकादम», मिठागरावरची. दुसरी «टाकीखालचे बिऱ्हाड», चाळीतली. हातात साडेतीन महिने. अवघड काय आहे?
टीव्हीवरची सकाळची मालिका संपली की सुरुवात.

त्याच दिवशी, रात्री.
मालिका संपली. मेव्हणे आले. उद्यापासून.

१० जानेवारी, मंगळवार.
वाचनालयातून «बांधावरचा मुकादम» आणलं. चांगलं जाडजूड, तपकिरी रेक्झिनच्या बाइंडिंगमधलं. पाठीवर हाताने नाव लिहिलंय. मूळ कव्हर, आतलं नावाचं पान वगैरे सगळं वाचकांनी केव्हाच खाऊन टाकलेलं. ग्रंथपाल पोपटराव रजिस्टरात माझ्यापुढे दोन ओळी लिहीत होते. म्हटलं, एका पुस्तकाला दोन ओळी कशाला? म्हणाले, नियम आहे. मग आणखीही काही सांगायला लागले, पण ते बोलायला लागले की थांबत नाहीत, म्हणून निघालो.

१५ जानेवारी, रविवार.
ठाण्याला आमचा रविवारचा वर्ग. आम्ही एकवीस बहिःस्थ विद्यार्थी, बहुतेक शिक्षक, दोन बँकवाले. शिकवणाऱ्या सरांनी आज एकच गोष्ट सांगितली, पण ती लाखाची. म्हणाले, आधी एका पुस्तकाबद्दल लिहिलं आणि मग दुसऱ्याबद्दल, असं करू नका. ती तुलना नव्हे, ते दोन निबंध. मुद्दा घ्या, दोन्ही पुस्तकं त्या मुद्द्यावर शेजारी उभी करा, मग पुढचा मुद्दा. निबंधाला बांधणी हवी.
बांधणी! मी नापास का होत होतो ते कळलं. माझ्याकडे विचार जास्त होते.

२६ जानेवारी, गुरुवार.
झेंडावंदनाहून आल्यावर सांगाडा तयार केला. कार्डशीट, मध्ये उभी रेघ. डावीकडे लाल शाईत मुकादम, उजवीकडे निळ्या शाईत बिऱ्हाड. आडवे रकाने: विषय, पात्रं, परिसर, भाषा, शेवट. खाली जोडशब्दांची यादी: याउलट, त्याचप्रमाणे, मात्र, एवढे असूनही, किंबहुना. किंबहुना किमान चारदा आला पाहिजे, वजन येतं.
मग अख्खा निबंध लिहूनही काढला, फक्त पुस्तकांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. "पहिल्या कादंबरीत ____ दिसते, याउलट दुसऱ्या कादंबरीत ____ जाणवते." वाचायला अप्रतिम वाटतो. सुमतीला वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, पण पुस्तकं वाचलीत का? आधी घर बांधतात, सामान मग लावतात, असं मी तिला समजावलं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार.
वाचायला बसणार होतो. लाइट गेली. दर शुक्रवारी जाते, हे विसरलो.

५ फेब्रुवारी, रविवार.
वर्ग बुडवून टिटवाळ्याला गेलो. सांगाडा गणपतीपुढे ठेवला. मागच्या बाईंनी विचारलं, घराचा प्लॅन का?

१४ फेब्रुवारी, मंगळवार.
वाचन चालू. मुकादम हा मिठागरावर माणसांकडून काम करून घेणारा, स्वभावाने कडक. बायको गेली, मुलगा मुंबईला, मालकाने मिठागर विकायला काढलंय. पान १४२ वर तो संध्याकाळी बांधावरून चालायला लागतो आणि दिसेनासा होतो.
आणि पान उलटल्यावर काय? मुकादमाचं नावच नाही! एकदम चाळ, गच्चीवरची पाण्याची टाकी, टाकीखालच्या खोलीत राहणारी इंदू नावाची बाई. आणि पृष्ठांक पुन्हा १!
केवढं हे धाडस! लेखकाने नायकालाच वाऱ्यावर सोडून दिलं, आणि काळही शून्यावर आणला. «भाग दुसरा» एवढंसुद्धा लिहिलेलं नाही, वाचकावर केवढा विश्वास! टाइपसुद्धा बारीक केलाय, कारण इंदूचं जग बारीक. या तंत्राला समीक्षेत नाव नसावं. मी दिलं: नायकविसर्जन.
या एका शब्दावर पेपर निघतो.

१५ फेब्रुवारी, बुधवार.
दुपारी सुमतीने ते पुस्तक वाचलं. पोळ्या लाटताना म्हणाली, अहो, ही मला दोन वेगळी पुस्तकं वाटतात हो. मिठागराची गोष्ट तर तिथे संपलीच. मी हसलो. प्रयोगशील साहित्य सगळ्यांना झेपत नाही. तिला तसं म्हणालो नाही, कारण पोळ्या व्हायच्या होत्या.

२० फेब्रुवारी, सोमवार.
आता निळा रकाना. «टाकीखालचे बिऱ्हाड» आणायला वाचनालयात गेलो. संध्याकाळी पोपटरावांऐवजी त्यांची बहीण रमाबाई बसते. रजिस्टर बघून म्हणाली, ते दहा जानेवारीपासून बाहेर आहे. सव्वा महिना! कोणी नेलंय विचारलं. नाव लिहीत नाहीत, नुसता सभासद क्रमांक: ३१७. हा ३१७ कोण, म्हटलं. तिला ठाऊक नव्हतं, ती फक्त सोमवार-गुरुवार येते.

२ मार्च, गुरुवार.
तिसरी खेप. पुस्तक अजून ३१७कडेच. परीक्षा दीड महिन्यावर आणि एक माणूस नेमलेलं पुस्तक दाबून बसलाय. दुसऱ्याचा विचार म्हणून नाही. सूचनावहीत लिहिलं: "सभासद क्र. ३१७ यांच्या स्वार्थी वृत्तीमुळे होतकरू विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे. यांचे सभासदत्व रद्द करावे." खाली ठसठशीत सही. कुणीतरी बोललंच पाहिजे.

५ मार्च, रविवार.
आजचा दिवस साहित्याच्या इतिहासात नोंदला जाईल. सविस्तर लिहितो.
वर्गात आमच्यात मंजुळा नावाच्या एक बाई आहेत. बाळकुमच्या, कोळ्यांच्या घरातल्या, वडील खाडीत होडी घालतात. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवतात. मुलगी साधी आहे, बोलते कमी. तिच्याकडे «टाकीखालचे बिऱ्हाड»ची स्वतःची प्रत आहे. मी म्हटलं, कथानक थोडक्यात सांगा. ती सांगू लागली. गच्चीवरची टाकी. खाली एका खोलीत बिऱ्हाड. टाकी गळते, वाळत घातलेल्या पापडांवर थेंब पडतात. बाई खाणावळ काढते. बाईचं नाव?
इंदू, सर.
माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं «बांधावरचा मुकादम»च्या उत्तरार्धात आहे! पापड! खाणावळ! नावसुद्धा बदलण्याची तसदी घेतलेली नाही! म्हणजे दुसऱ्या लेखकाने पहिल्याच्या कादंबरीचा अर्धा भाग उचलून स्वतःच्या नावावर छापला, आणि विद्यापीठाने तो अभ्यासाला लावला. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.
मंजुळाबाई म्हणाली, सर, माझी प्रत घेऊन जा ना, वाचून बघा. मी नको म्हटलं. चोरीचा माल मी घरात आणत नाही.

१२ मार्च, रविवार.
वर्गाचे सर आजारी, त्यांची एप्रिलपर्यंत सुट्टी. सगळे घाबरले. कुणाचंच काही वाचून झालेलं नाही, दिवसभर नोकरी आणि घरी मुलं. मी उभा राहिलो आणि माझा शोध सांगितला. नायकविसर्जन, आणि त्यानंतर वाङ्मयचौर्य. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. आनंद नावाचा बँकवाला म्हणाला, सर, तुम्ही हे लिहून द्याल का? मी म्हटलं, विद्या दिल्याने वाढते.
फक्त मंजुळाबाई म्हणाली, सर, माझ्याकडच्या मुकादममध्ये तो बांधावरून जातो आणि पुस्तक संपतं. पुढे काही नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे संक्षिप्त आवृत्ती असेल. असेल, म्हणाली.
तिला म्हटलं, तुम्ही कोणता मुद्दा घेताय? म्हणाली, पाणी. एकीकडे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालतात, दुसरीकडे बाहेर पडू नये म्हणून टाकी बांधतात, आणि दोन्हीकडे माणसं त्या पाण्याच्या भीतीत जगतात. आमचे बाबा भरती बघून घराबाहेर पडतात ना सर, म्हणून मला ते आधी दिसलं. मी तिला प्रेमाने सांगितलं, मंजुळाबाई, पाणी हा भूगोलाचा विषय आहे. एकवीस वर्षं मी तोच शिकवतोय. साहित्यात पाण्याने मार्क मिळत नाहीत.

१७ मार्च, शुक्रवार.
सांगाड्यात सगळं भरलं. निबंध पूर्ण. सकाळी लवकर शाळेत जाऊन सायक्लोस्टाइल करून घेतला. शिपाई गोमाजी मशीनचं हँडल फिरवत होता आणि एकेक कागद वाचत होता. त्याचे आजोबा मिठागरावर होते. शेवटी म्हणाला, सर, पन यो मुकादम मंग गेला कुठं? मी म्हटलं, विसर्जन झालं. त्याला वाटलं बुडाला. म्हणाला, बांधावरचा मानूस बुरत नाय सर.
हाताला शाई लागली ती जात नाही. समाधान वाटतं.

१९ मार्च, रविवार.
वीस प्रती वाटल्या. एकोणीस जणांनी नमस्कार केला, दोघांनी वाकून. मंजुळाबाईनेही घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.
पहिलं वाक्य मलाच इतकं आवडतं की येताना पाठ झालं: "साहित्याच्या विस्तीर्ण प्रांगणात दोन कलाकृती जेव्हा समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा त्यांपैकी एक, किंबहुना दुसरी, आपली मान खाली घालते."

३० मार्च, गुरुवार.
अविश्वसनीय. वाचनालयाकडून पोस्टकार्ड. "सभासद क्र. ३१७ यांस: आपणांविरुद्ध लेखी तक्रार आली आहे. आपणांकडील पुस्तके त्वरित परत करावीत, अन्यथा सभासदत्व रद्द करण्यात येईल."
म्हणजे तक्रार कुणी केली आणि नोटीस कुणाला! पत्ता लिहिणाऱ्याने फिर्यादी आणि आरोपी यांत गल्लत केली. सुमती म्हणाली, तुमचा नंबर काय आहे एकदा बघा तरी. असल्या कारभाराला मी उत्तर देत नाही. गोमाजीबरोबर पुस्तक पाठवून दिलं. परीक्षेनंतर दुसरं वाचनालय लावणार.

१७ एप्रिल, सोमवार. रात्री ९.
उद्या पेपर. उजळणी झाली. सगळा निबंध पाठ. लवकर झोपतो. सुमतीने विचारलं, दुसरं पुस्तक वाचलंत का शेवटी? आता काय सांगायचं हिला.

१८ एप्रिल, मंगळवार.
पेपर ठाण्याला. प्रश्न जसाच्या तसा: दोन्ही कादंबऱ्यांची सुसंबद्ध तुलना करा. पुरवण्या चार. किंबहुना सात. हॉलमध्ये मान वर करून पाहिलं तर आमचे सगळे एकाच लयीत लिहीत होते. पहिल्या वाक्याच्या जागी आनंदचे ओठ हलत होते. शिक्षकाला यापेक्षा काय हवं?
मंजुळाबाई तेवढी मध्येमध्ये थांबत होती, खिडकीबाहेर बघत होती. तयारी कमी पडली बहुतेक. वाईट वाटलं.

१२ जून, सोमवार.
शाळा सुरू. अकरावीचा वर्ग वरच्या मजल्यावर, नवे बाक, नवा फळा. मुख्याध्यापकांना निकालाबद्दल काही शंका नाही असं मी त्यांना सांगितलं. तोपर्यंत पाचवी ब चालू. मुलांना समजावलं की मी इथे थोडेच दिवस आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनाही आनंद झाला असावा.
सुमतीच्या भावाने पत्रावर प्रा. त्र्यंबक असा पत्ता घातला. त्याला कुणी सांगितलं माहीत नाही. मीच सांगितलं असेन.

२० जुलै, गुरुवार.
विद्यापीठाचं पत्र! रजिस्टर्ड. पेपर आठमध्ये ठाणे केंद्रावरील वीस उत्तरपत्रिकांत एकच निबंध आढळला आहे, त्याबाबत समक्ष हजर राहावे. ज्या प्रतींवरून अभ्यास केला त्या सोबत आणाव्यात.
मला अपेक्षित होतंच. एवढा मोठा शोध, दखल घेणारच. वीस जणांत मूळ विचारवंत कोण हे त्यांना ठरवायचं असणार. सुमतीने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, यात सुनावणी हा शब्द आहे. मी म्हटलं, विद्वानांच्या भाषेत त्याला चर्चा म्हणतात. ती उठून आत गेली. मला चहा करून दिला, साखर जास्त घातली होती.

२६ जुलै, बुधवार.
वाचनालयात जाऊन तेच पुस्तक पुन्हा आणलं, पुरावा म्हणून. पोपटरावांनी परत दोन ओळी लिहिल्या. घाई होती, वाद घातला नाही.

२८ जुलै, शुक्रवार.
लाइट नाही. मेणबत्तीवर लिहितोय. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
समोर तिघं होते. अध्यक्ष, एक बाई, आणि पेपर तपासणारे वयस्कर सर. बाकीच्यांना माझ्या आधी बोलावलं होतं. एकोणीसच्या एकोणीस म्हणाले, त्र्यंबकसरांनी दिलं. मी आत गेल्या गेल्या सांगितलं, होय, निबंध माझाच, प्रत्येक शब्द माझा. अध्यक्ष म्हणाले, नक्की? कारण नक्कल केली म्हणालात तर शिक्षा एक आहे, आणि निबंध तुमचाच असेल तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, नायकविसर्जन हा शब्दसुद्धा माझा आहे.
वयस्कर सर हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, मी ही कादंबरी सतरा वर्षं शिकवतोय. पहिला पेपर वाचला तेव्हा हसलो. चौथ्याला घाबरलो. वाटलं, आपणच उत्तरार्ध कधी वाचला नाही की काय. घरी जाऊन दोन्ही कादंबऱ्या पहिल्यापासून वाचल्या. मग म्हणाले, तुमची प्रत दाखवा.
मी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. अभिमानाने ठेवलं, हेही लिहून टाकतो.
बाईंनी ते मधोमध उघडलं. पान १४२ आणि त्यापुढचं पान १, यांच्यामध्ये बोट घातलं आणि जरा ताणलं. आत डिंकाचा पट्टा होता. अलीकडच्या शिवणीचा दोरा पांढरा, पलीकडचा पिवळा. बाई म्हणाल्या, दोन पातळ पुस्तकं एका बाइंडिंगमध्ये घातली आहेत. लायब्रऱ्या करतात असं. हे दुसरं «टाकीखालचे बिऱ्हाड» आहे.
पोपटरावांच्या दोन ओळी. ३१७. सगळं एकदम डोक्यात आलं.
अध्यक्ष म्हणाले, तुम्ही एका पुस्तकाची त्याच पुस्तकाशी तुलना केलीत आणि एका लेखकाला चोर ठरवलंत. वीस उत्तरपत्रिकांत.
वयस्कर सर मात्र माझ्याकडे बघून वेगळंच बोलले. म्हणाले, मुकादम बांधावरून जातो आणि दिसेनासा होतो. तो शेवट आहे हो, त्र्यंबकराव. त्या माणसाचं सगळं गेलंय, म्हणून पुढे काही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते पान वाचताना काहीच वाटलं नाही?
मला पुढचं पान उलटायची घाई होती. रकाना भरायचा होता.
शेवटी त्यांनी विचारलं, दुसरी कादंबरी वाचली होती का? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. अडीच महिने माझ्या घरात होती ती. मीच वाचली आणि मलाच ती मिळत नव्हती.
निर्णय: एकोणीस जणांचा तो प्रश्न वगळून बाकीच्यावर मार्क देणार, पास होतील. माझा पेपर रद्द, एक वर्ष बसता येणार नाही. आपण फसवलं नाहीत हे मान्य आहे, असं अध्यक्ष म्हणाले. ते त्यांनी चांगुलपणाने म्हटलं, पण जिना उतरताना मला वाटलं, फसवलं असतं तर बरं दिसलं असतं.

२९ जुलै, शनिवार.
सुमतीला सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणाली नाही. त्याचाच जास्त त्रास होतोय.

४ ऑगस्ट, शुक्रवार.
निकाल. आमच्यातले एकोणीस काठावर पास. आनंद पेढे घेऊन आला होता, दारातच देऊन गेला, बसला नाही. मंजुळाबाई त्या पेपरात पहिली. पाणी.
मुख्याध्यापकांना भेटलो. म्हणाले, त्र्यंबकराव, माझा नाइलाज आहे. वर्ष थांबता येत नाही, जाहिरात द्यावी लागेल. मी म्हटलं, द्या की. आवाज बरोबर आला असं वाटतं.
घरी आल्यावर वहीत कारणं लिहायला बसलो. बाइंडर. पोपटराव. नोकरी, लाइट, सर्दी. पाच-सहा झाली आणि मग पेन ठेवलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार.
मंजुळाबाईची मुलाखत झाली म्हणे. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, फार समजून बोलते. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

२१ ऑगस्ट, सोमवार.
मंजुळाबाई आज रुजू झाली. मराठीच्या जागेवर. निळी साडी, हातात टिफिन आणि दोन पुस्तकं, वेगवेगळी. मी स्टाफरूममध्ये कोपऱ्यात बसलो होतो, आज आजारी पडायचं ठरवलं होतं, पण सुमतीने डबा हातात दिला.
मुख्याध्यापकांनी ओळख करून द्यायला सुरुवात केली. तीच मध्ये म्हणाली, त्र्यंबकसरांना मी ओळखते. परीक्षेच्या वेळी त्यांनी मला खूप मार्गदर्शन केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोघं-तिघं वा सर म्हणाले. मुख्याध्यापकांनी खांद्यावर हात ठेवला.
तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडे नीट पाहिलं, ती खरोखर मला सावरून घेत होती. एवढ्या लोकांत मला काहीतरी असावं म्हणून.
मी तिला काहीही शिकवलेलं नाही. तिचा एकुलता एक मुद्दा मी खोडून काढला होता. हे निदान या वहीत खरं लिहून ठेवतो.
स्टाफरूममध्ये मात्र मी हसून मान डोलावली, आणि म्हणालो, मुलीत मुळात चमक होतीच.
मग घंटा झाली. ती वर गेली, मी पाचवी ब वर गेलो.